आबांच्या जीपचा हीटर

आमच्या खटाव तालुक्यात जीपला हीटर असतो असं सांगितलं तर लोक हसतात. इथं गाडी तापली म्हणून बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली माणसं पावलोपावली दिसतात. गाडी तापत नाही म्हणून कपाळाला हात लावलेला माणूस मी तरी कधी पाहिला नव्हता. वडूजच्या आसपास राहायचं आणि हीटरचं बटण शोधायचं, म्हणजे नाही म्हटलं तरी जरा शिष्टपणाच.

पण माझे सासरे, गुंडा आबा, यांचं सगळं जगावेगळं. फौजेत ड्रायव्हर होते, सुभेदार होऊन रिटायर झाले. उभी नोकरी लडाखकडच्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात गेली. घरी परतले ते एक जुनी डिझेल जीप आणि ढीगभर सवयी घेऊन. हिवाळ्यात रोज सकाळी उठून जीपपाशी जायचं, किल्ली अर्धी फिरवायची आणि समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत गप्प बसायचं. आत कॉइल तापते म्हणे, त्याशिवाय गार डिझेल पेट घेत नाही. दिवा विझला की स्टार्टर मारायचा आणि मग गाडी नुसती उभ्या जागी चालू ठेवायची. कुठं जायचं असो वा नसो.

सासूबाई शालूबाई चुलीपुढून ओरडायच्या, "आवं, ती गाडी हाय का बाळंतीण? रोज उटून शेकताय काय तिला?"

"तू उटल्या उटल्या पळतीस का?" आबा तिकडून म्हणायचे. "इंजिनाला बी अंग मोकळं करायला येळ लागतो."

आणि त्या बाळंतिणीचा सगळा धूर माझ्या नाकात. कारण त्याच वेळी मी अंगणात पाय ताणत असायचे. मी पोलीस भरतीची तयारी करत होते. अंगणासमोरच्या कॅनॉलच्या रस्त्यावर फेरे मारून यायचे, अंगणात वाकायचे, उठायचे, आणि श्वास घ्यावा तर डिझेल. मनातल्या मनात मी त्या जीपला काय काय म्हणायचे ते इथं लिहिता येणार नाही.

माझं म्हणाल तर यंदा वय संपत होतं. पुढच्या भरतीला अर्ज भरायचीसुद्धा सोय राहणार नव्हती. लेखी परीक्षेचं मला भय नाही, चालू घडामोडी झोपेतून उठवून विचारा. माझं घोडं अडायचं ते मैदानावर, आणि तेही आठशे मीटरला. मागच्या भरतीला सांगलीला आदल्या संध्याकाळच्या एस.टी.नं गेले. मैदानाबाहेर फुटपाथवर शेकडो पोरी झोपतात, तशीच बॅग उशाला घेऊन झोपले. सकाळी उठले तर पाय लाकडाचे झालेले. दुसऱ्या फेरीत पोटरीत असा गोळा आला की मी लंगडत आले. थोडक्यात गेलं. थोडक्यात गेलेलं फार दिवस छातीत राहतं, हे ज्याचं गेलं त्यालाच कळतं.

माझा नवरा इंद्रजित फौजेत, तिकडं उत्तरेला. तो फोनवर म्हणायचा, "तू पळ, बाकीचं मी बघतो." इतक्या लांबून तो काय बघणार होता कोण जाणे, पण ऐकायला बरं वाटायचं. सासूबाई म्हणायच्या, "सून पोलीस झाली तर मला सलाम ठोकावा लागंल का गं?" आणि हसून माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायच्या. बोलायचे नाहीत ते फक्त आबा. हो नाही, नाही नाही. माझ्या पळण्याविषयी त्यांनी कधी एक चकार शब्द काढला नव्हता, आणि त्या गप्प बसण्याचा मला धुराहून जास्त राग यायचा.

बोलावणं आलं ते ऐन थंडीतलं. आदल्या दिवशी दुपारी मी बॅग भरून स्टँडवर जायला निघाले, तर आबा दारात.

"कुटं?"

"सांगलीला. उद्या पहाटे मैदान हाय."

"आन् रातीला कुटं ऱ्हाणार?"

"सगळ्या राहतात तिथंच. बाहेर."

आबांनी माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि भिंतीला टेकवली. "फुटपाथवर झोपायचं न्हाई. पाटंचं जीप काढतो."

मला वाटलं, आलं, घराण्याची अब्रू मध्ये आली. सुभेदाराची सून फुटपाथवर कशी झोपणार! मी तोंड उघडणार एवढ्यात तेच पुढं म्हणाले, "गार अंगानं पळलीस की गोळा येणारच. तुजं अंग डिझेलवानी हाय पोरी. तापाय येळ लागतो, पर एकदा तापलं की मागं हटत न्हाई. कॅनॉलवर बगतोय की मी. पयला फेरा तू रडत काढतीस, दुसऱ्याला पाखरू होतीस."

 हा माणूस रोज सकाळी गाडीत बसून काचेतून मला बघत होता. मी बापडी समजत होते की ते पिवळ्या दिव्याकडं बघताहेत.

पहाटे निघालो तेव्हा अंगणातल्या बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. आबांनी नेहमीसारखी किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला, विझला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. सासूबाईंनी माझ्या तळहातावर दही-साखर ठेवली आणि आबांना बजावलं, "सांभाळून न्या." आबा म्हणाले, "गाडीला का सुनंला?" त्या म्हणाल्या, "दोगींना बी."

मायणीपर्यंत मी शाल गुंडाळून बसले. जीपच्या दारांच्या फटींतून वारा असा आत येत होता की दारं लावली काय आणि न लावली काय. पुढं धुकं लागलं. काच आतून धुरकट झाली, आबा ती फडक्यानं पुसत होते आणि ती पुन्हा धुरकटत होती. माझे पाय घोट्यापासून गार पडायला लागले. मागच्या वेळेचा तो लाकडीपणा ओळखीच्या पाहुण्यासारखा पायांत येऊन बसला.

"आबा, हीटर लावा की."

"लावतो तर," आबा ऐटीत म्हणाले. इतकी वर्षं या मुलखात कुणी त्यांना हे विचारलं नव्हतं. त्यांनी खटका सरकवला, पंखा घरघरला, आणि माझ्या पायांवर बर्फासारखी गार हवा आली.

"येईल आता गरम," ते म्हणाले. विटा जवळ आलं तरी आलं नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा बघितला तर तळाशी झोपलेला. इतका रस्ता कापूनही इंजिन गार ते गारच.

आबांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. मग स्वतःच्याच कपाळावर थापट मारली.

"वॉल!"

"काय झालं?"

"जोतीराम मिस्त्रीनं उन्हाळ्यात वॉल काढून टाकला. मीच म्हनलं काढ."

मग त्यांनी मला समजावलं. वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, इंजिनात पाण्याच्या वाटेवरचा एक छोटा दरवाजा. इंजिन गार असेपर्यंत तो बंद राहतो, म्हणजे पाणी रेडिएटरकडं न जाता आतच फिरतं आणि लवकर तापतं. आमच्याकडं उन्हात गाड्या तापतात, म्हणून सगळे मिस्त्री पहिलं काम काय करतात, तर तो दरवाजाच काढून फेकतात. पाणी कायम मोकळं, गाडी कायम गार. अख्ख्या तालुक्यातल्या जुन्या गाड्यांची ही कथा. जोतीराम म्हणाला होता, "आबा, हितं काय बरफ पडतोय व्हय?" आणि लडाखात जन्म काढलेला माणूस त्याला हसून म्हणाला होता, "टाक काढून."

"बरफ न्हाई पडत," आबा आता बाहेरच्या धुक्याकडं बघत पुटपुटले, "पर सुनंला पळायचं असतंय, हे कुटं ठावं हुतं?"

मला खरंतर रडू येत होतं. पण त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू परीक्षा त्यांचीच आणि पेपर कोरा गेलाय. म्हणून मी म्हणाले, "असू द्या आबा, मी उतरून थोडी पळते, अंग तापंल."

"गप बस," ते म्हणाले आणि खाली उतरले.

मागं कांद्यावर झाकायला ठेवलेला एक फ्लेक्स होता. गावातले युवा नेते धैर्यशीलभाऊ यांच्या वाढदिवसाचा. वाढदिवस झाला की आमच्याकडं फ्लेक्स कुणाच्या ना कुणाच्या छपरावर, गंजीवर नाहीतर जीपमध्ये जातात, देवाला वाहिलेलं फूल निर्माल्यात जावं तसे. आबांनी तो घडी घालून रेडिएटरच्या पुढं जाळीवर ताणला आणि सुतळीनं चारी कोपरे बांधले. वारा आत शिरायचा बंद. मी उतरून बघितलं तर धैर्यशीलभाऊ उलटे झाले होते, आणि हात जोडून खाली डोकं वर पाय असे सगळ्यांचे आभार मानत होते.

"तिकडं आमी पुठ्ठं लावायचो," आबा म्हणाले. "हितं भाऊ. काट्याकडं ध्यान ठेव. निम्म्याच्या वर गेला की सांग, भाऊंना जरा बाजूला करू."

तासगावच्या अलीकडं द्राक्षाच्या बागांमध्ये लोकांनी शेकोट्या पेटवून धूर केला होता, धुक्यानं घड खराब होऊ नयेत म्हणून. त्या धुरातून जाताना काटा हलला. आधी किंचित, मग हळूहळू वर आला. आणि माझ्या पावलांवर पहिल्यांदा ऊब आली. घोट्यावर, मग पोटरीवर. समोरची काच खालून वर स्वच्छ होत गेली. मी बूट काढले आणि पाय त्या वाऱ्यापुढं धरले. इतकं बरं वाटलं की मी बोटं एकेक करून हलवून बघितली. आबांनी तिरप्या नजरेनं बघितलं आणि जिंकल्यासारखे नाकानं हसले.

"काच थोडी खाली ठेव," ते म्हणाले. "बंद गाडीत इंजिन चालू ठिऊन बसायचं न्हाई कवा. झोप लागली की मग उटत न्हाई मानूस."

सांगलीत मैदानाबाहेर पोचलो तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. फुटपाथभर पोरी. कुणी चादरीत, कुणी जर्किनमध्ये, कुणी नुसत्याच एकमेकींना चिकटून. धुकं आहे म्हणून मैदान उशिरा सुरू होणार अशी आवई आली. मी जीपमध्ये पाय शेकत बसून राहिले आणि मनात म्हटलं, होऊ द्या उशीर, मला काय!

जीपच्या पुढ्यात एक बाई आपल्या पोरीचे हात चोळत उभी होती. पोरगी दातावर दात वाजवत होती. बोटांची नखं निळी पडलेली. आबांनी दार उघडलं.

"कुटनं आलाय?"

"जतहून, काका," बाई म्हणाली. "रात्रीच्या गाडीनं. ही अल्फिया. पहिलीच भरती आहे."

"सरक तिकडं," आबा मला म्हणाले.

मी हळूच त्यांच्या बाहीला धरलं. "आबा, तिच्या कागदावर बघा. ती माझ्याच बॅचमध्ये आहे."

"मग? तुज्या बॅचमधी हाय म्हणून तिला थंडी कमी वाजती?" आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "सरक."

सरकले. अल्फिया आत आली आणि त्या गरम वाऱ्यापुढं तिनं दोन्ही हात असे धरले, की माझा राग कुठल्या कुठं गेला. तिची आई रशीदाभाभी दाराशी घुटमळत होती. आबांनी तिला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. गाडी न्यूट्रलला होती, चाकाखाली दगड होता, पण नुसती चालू ठेवून इंजिन पुन्हा गार पडत होतं. कुणीतरी पायानं जरा रेस ठेवायला हवी होती.

"मला गाडी येत नाही हो काका," रशीदाभाभी घाबरून म्हणाल्या.

"शिलाई मशीन येतंय?"

"तेच तर करते."

"मग झालं. तसाच पाय ठेवायचा. हलका. काटा निम्म्याच्या वर गेला की हाक मारा."

रशीदाभाभींनी देवाचं नाव घेऊन पाय ठेवला, आणि जीप एका लयीत गुरगुरू लागली. ते बघून आणखी दोघी आल्या, मग आणखी. आबा कुणाला नाही म्हणेनात. मागच्या बाकावर पोरी एकमेकींच्या मांडीवर बसल्या. कुणाच्या तरी डब्यातली शेंगदाण्याची चटणी सगळ्यांच्या हातांतून फिरली. इतका वेळ ज्यांच्याकडं मी नुसते चेस्ट नंबर म्हणून बघत होते, त्या हसत होत्या, शिंकत होत्या, आणि एकीला तर पेंग येऊन तिनं माझ्याच खांद्यावर मान टाकली होती.

आमची बॅच पुकारली. मी आणि अल्फिया बरोबरच उतरलो. आबा तेव्हा कुठं होते ते मला घाईत दिसलं नाही.

शंभर मीटर झालं, गोळा फेकून झाला. मग आठशे. शिट्टी झाली आणि अल्फिया सुटली ती अशी, की तिचे हात मघाशी निळे होते हे सांगून खरं वाटलं नसतं. पहिल्या फेरीत ती माझ्या बरीच पुढं होती. मला संताप आला. माझ्या गाडीत बसून, माझी ऊब घेऊन माझ्याच पुढं! दात खाऊन मी तिच्या पाठीवर नजर लावली आणि पळत सुटले. नेहमी पहिल्या फेऱ्यात जड होणारे पाय आज जड झालेच नाहीत. दुसऱ्या फेरीत मी वाट बघत होते, आता येईल गोळा, आता येईल. पोटरी मऊ होती. श्वास तुटत होता, पण पाय माझे होते. शेवटच्या वळणावर मी अल्फियाच्या बरोबरीला आले. तिनं मान वळवून बघितलं आणि धापा टाकत ओरडली, "चल ताई!" मला आजवर पळताना कुणी असं म्हटलं नव्हतं. आम्ही दोघींनी रेष एकदमच ओलांडली. आधी कोण, ते मशीनला माहीत.

वेळ कळली. पूर्ण गुण. दोघींनाही. एवढी चांगली वेळ मी कॅनॉलच्या रस्त्यावरसुद्धा कधी लावली नव्हती, आणि एकटी पळाले असते तर आजही लागली नसती. अल्फिया मातीतच बसून हसत होती, आणि मी तिला उठवायला गेले ती स्वतःच तिच्याशेजारी बसले. लेखी उरली होती, पण तो डोंगर माझा नव्हता. माझा डोंगर मागं पडला होता.

सोडलं तशी मी फाटकाबाहेर धावले. जीप अजून गुरगुरत होती. आत आता नव्याच पोरी होत्या, पुढच्या बॅचच्या. रशीदाभाभी घामाघूम होऊन पाय दाबून बसल्या होत्या. त्यांना सांगितलं, "तुमची पोरगी वाघीण आहे." त्यांनी डोळ्यांना पदर लावला, पण पाय उचलला नाही.

"आबा कुठायत?"

त्यांनी काचेतून पुढं बोट दाखवलं.

आबा बॉनेटपुढं उभे होते. सुतळीचा एक कोपरा तुटला होता, वारा सुटला होता, आणि ते फ्लेक्स दोन्ही हातांनी जाळीवर दाबून धरून उभे होते. अंगात नुसता सदरा. स्वेटर जीपमधल्या एका पोरीच्या अंगात होता, मफलर दुसरीच्या डोक्याला. आम्ही मैदानात गेल्यापासून ते तसेच उभे असावेत.

"येळंत बसलं?" त्यांनी विचारलं.

"बसलं, आबा. सगळं बसलं."

"व्हय?" ते म्हणाले. मग पुन्हा, "व्हय?" आणि तोंड फिरवून उलट्या धैर्यशीलभाऊंकडंच बघत राहिले.

मी पाया पडायला वाकले. हात लागले आणि चरकून तसेच राहिले. आबा बारा महिने चपलेत लोकरी मोजे घालतात, त्यावरून आम्ही त्यांची थट्टा करतो. आज पाय उघडे होते. पहाटेच्या रांजणासारखे गार, बोटं पांढरी पडलेली. मान वर करून काचेतून बघितलं, तर आत एक पोरगी ते मोजे हातांत चढवून गाल शेकत होती.

माझ्या सबंध अंगातून वाफा निघत होत्या. मी तिथंच डांबरावर बसले आणि त्यांचा एक पाय उचलून दोन्ही तळहातांत धरला.

"आगं, उट, उट," आबा गडबडले. "सून हाईस का कोन? लोक बगत्यात."

"बघू द्यात," मी म्हणाले.

त्यांना पाय सोडवून घेता येईना, कारण त्यासाठी फ्लेक्स सोडावा लागला असता, आणि आत अजून पोरी बसल्या होत्या. मी एक पाय चोळला, मग दुसरा घेतला, आणि बोटांना लाली येईपर्यंत चोळत राहिले.